आठ सेकंदांचा अंधार

मी काजवा बोलतोय. झुडपात चमकतो तो नव्हे. मला पंख नाहीत, पोट नाही आणि स्वतःचा म्हणावा असा उजेडही नाही. मी एक प्रोग्राम आहे. सी नावाच्या भाषेत लिहिलेली काही पानं, एवढाच माझा देह. पण रंगमंचावर सकाळ कधी व्हायची, दुपार कधी कलायची आणि राजाने डोळे मिटले की अंधार किती सावकाश उतरायचा, ते सगळं माझ्या हातून होतं. म्हणून जिने मला लिहिलं तिने माझं नाव काजवा ठेवलं.

तिला सगळी नाटक कंपनी ‘पक्कड’ म्हणायची. लहानपणी तिच्या हातात बाहुलीऐवजी वडिलांची पक्कड असायची म्हणून हे नाव पडलं, असं जुने लोक सांगतात. मला विचाराल तर ते तिच्या स्वभावावरून पडलं. एखादी चूक तिच्या तावडीत सापडली की तिची धडगत नसे.

तिचे वडील, आबा, कंपनीचे प्रकाशवाले. विंगेत एका स्टुलावर बसून ते दिव्यांचे दांडे वरखाली करायचे. दोन दांडे दोन हातांत, तिसरा कोपराने, आणि वेळ पडलीच तर चौथा हनुवटीने. कंपनीचं एक राजाचं नाटक फार चालायचं. राजा व्हायचे नाना. कंपनी त्यांचीच होती आणि आबांशी मैत्री मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. त्या नाटकात प्रकाशाचे बाकी सगळे बदल झटक्यात व्हायचे, सावकाश मावळणारा उजेड फक्त एक, अगदी शेवटचा. राजा शेवटचं वाक्य बोलून मान टाकायचा आणि आबा आठ सेकंदांत उजेड पार विझवायचे. “सगळ्याच घासाला मीठ लावलं तर मिठाची चव राहत नाही,” असं ते म्हणायचे. त्या आठ सेकंदांत प्रेक्षागृहात कुणी खोकत नसे.

मग आबांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या बशीत कळला, नंतर रंगमंचावर. शेवटचा उजेड मावळताना थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, “हा जायचा नाही. याच्याशी जुळवून घ्यावं लागेल.” नाना पाहून न पाहिल्यासारखं करायचे. पण पक्कडने पाहिलं होतं. ती तेव्हा एका कारखान्यात संगणकावर काम करायची. तिने कुणीतरी मोडीत काढलेला एक संगणक घरी आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला, आणि भाजी चिरायच्या जागेवर माझा जन्म झाला.

आबांना मी पहिल्या दिवशी अजिबात आवडलो नाही.

“म्हणजे दिवा मशीन लावणार. मग मी काय करायचं? टाळ्या वाजवू?”

“कधी लावायचा ते तुम्हीच सांगायचं, आबा. एक कळ दाबायची, बस. किती उजेड, किती सावकाश, ते तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असेल. हा फक्त तेवढं वाहून नेणार.”

“म्हणजे हमाल.”

“हमालच.”

आबांनी माझ्याकडे, म्हणजे पडद्यावरच्या अक्षरांकडे, बराच वेळ पाहिलं. “हमाल असेल तर चालेल. शहाणा नको.”

माझे सुरुवातीचे दिवस सुखात गेले. घरचा संगणक गोधडीत गुंडाळून कंपनीच्या गाडीतून गावोगाव जायचा. आबा स्टुलावर बसून एक बोट चालवायचे, मी उजेड वाहायचो, आणि राजा आठ सेकंदांत नीट मरायचा. कंप बोटाला असे, उजेडाला नसे. आबांचं जेवण वाढलं, असं पक्कड म्हणायची.

आणि एक दिवस सामान उतरवताना तो संगणक गाडीच्या पायरीवरून गडगडत खाली आला. आतला आवाज ऐकूनच सगळे समजले. तसे संगणक आता कुणीही बनवत नव्हतं. पण मी वाचलो. माझी एक प्रत पक्कडच्या पिशवीत, साबणाच्या डबीत ठेवलेल्या फ्लॉपीवर होती.

“थिएटरात त्यांचा संगणक आहेच की,” ती म्हणाली. “त्यावर चालवू. मजकूर तर तोच आहे.”

इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे. मी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. यंत्राला ती कळत नाही. मधे एक दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो माझी ओळ न् ओळ वाचतो आणि आपल्या यंत्राच्या बोलीत उतरवतो. यंत्रं अनेक, तसे दुभाषीही अनेक, आणि कुठलेही दोन सारख्या स्वभावाचे नसतात. घरचा दुभाषी भोळा होता. नवा निघाला भलता हुशार.

वेळ मोजायला पक्कडने मला एक युक्ती शिकवली होती. उगाच आकडे मोजत बसायचं. घरच्या यंत्रावर ठरलेले आकडे मोजून होईपर्यंत बरोबर एक सेकंद जायचा. नव्या दुभाष्याने माझी ती मोजणी वाचली. त्याला वाटलं, हा नुसता मोजतोय, यातून निघत तर काहीच नाही. आणि त्याने ती सगळी गाळून टाकली. मेहनत वाचवल्याबद्दल मी आभार मानावेत अशी बहुधा त्याची अपेक्षा असावी.

त्या संध्याकाळी राजा जमिनीवर कोसळला. नानांची शेवटची दोन वाक्यं बाकी होती. नवं यंत्र उशीर करील या धास्तीने आबांनी त्या दिवशी किंचित आधीच कळ दाबली. मी आठ सेकंद मोजायला गेलो तर मोजायला काही नव्हतंच. फट्कन अंधार. नानांनी ती दोन वाक्यं काळ्याकुट्ट अंधारात म्हटली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “लाइट गेली का?”

नाना त्या वेळी नुसते हसले. पक्कड हसली नाही. तिने ती मोजणी उपटून काढली आणि प्रत्येक सी दुभाष्याकडे असतंच अशा घड्याळाला वेळ विचारायला मला शिकवलं. आता यंत्र कितीही धावो, सेकंद तो सेकंदच. आपण जिंकलो असं तिला वाटलं. मलाही.

पुढचं थिएटर दुसऱ्या शहरात, यंत्र आणखी निराळ्या घराण्याचं. या वेळी ती सावध होती. दुपारी तिने शेवटचा बदल तिथेच टाइप करून पाहिला. बरोबर आठ सेकंदांत उजेड मावळला. आबांनी मान डोलावली. संध्याकाळी तिने फ्लॉपीवरची आबांची जुनी फाईल लावली. तिच्यात साऱ्या नाटकाचे बदल घरच्या यंत्राने लिहिलेले होते.

तोच घात झाला. काही यंत्रं आकड्याचे तुकडे डावीकडून मांडतात, काही उजवीकडून. एकाने मांडलेले सतरा दुसऱ्याने एकाहत्तर वाचावेत, तसा प्रकार. झटक्यात होणारे बदल शून्य सेकंदांचे, आणि शून्य उलटं केलं तरी शून्यच. म्हणून सगळं नाटक सुरळीत पार पडलं. पण शेवटच्या बदलातले आठ त्या यंत्राने उलटे वाचले, आणि त्यांचे झाले दोन हजारांच्या वर. अर्ध्या तासाहून जास्त.

राजा मेला. आबांनी कळ दाबली. मी उजेड कमी करायला लागलो, पण इतक्या सावकाश की गोगलगायीनेही हात जोडावेत. राजा उताणा पडलेला, डोळे मिटलेले, मुकुट घरंगळलेला, आणि वर लख्ख उजेड. प्रेक्षक वाट पाहत राहिले. राणी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती. तिचे हुंदके संपले, तिने नव्याने सुरू केले, तेही संपले. आबा पुन्हा पुन्हा कळ दाबत होते, पण एकदा उजेड वाहायला घेतला की मला दुसरं काही ऐकू येत नसे. माझी घडणच तशी होती. शेवटी मेलेल्या राजाने ओठ न हलवता विचारलं, आणि ते पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं:

“आबा, मी अजून मेलो नाही का रे?”

एक जण हसला, मग दहा, मग सगळं प्रेक्षागृह. आबांनी उठून थरथरत्या हाताने मुख्य खटका ओढला आणि एकूण एक दिवे गेले.

मेकअपच्या खोलीत नाना दाढी उतरवत होते. आबा दारात उभे, पक्कड त्यांच्या मागे. माझी फ्लॉपी तिच्या मुठीत.

“आबा, माझी चेष्टा झाली त्याचं काही नाही,” नाना आरशात बघत म्हणाले. “पण त्या जागेवर लोक हसले. त्या जागेवर हसले तर आपलं नाटक उरतं काय? आता मोठ्या थिएटरचं बोलावणं आलंय. तिथे... तिथे मी दुसरा प्रकाशवाला बघतो. तू माझ्या शेजारी बस. तुझा मान आहे तसाच राहील.”

आबा म्हणाले, “मान बसून मिळत नसतो रे नाना.” आणि निघून गेले.

“नानाकाका, चूक आबांची नाही. माझी आहे,” पक्कड म्हणाली.

“पोरी, चूक कुणाची ते प्रेक्षक विचारत नाहीत.”

“मोठ्या थिएटरच्या प्रयोगापर्यंत थांबा. त्या दिवशी दुपारी मी तुम्हाला शेवट करून दाखवते. नाही जमला तर दुसरा माणूस तयार ठेवा.”

नानांनी गालावरचा डिंक खरवडला. ओरखडा उठेपर्यंत खरवडला. “तयार ठेवतो,” ते म्हणाले. “देव करो आणि त्याला परत पाठवायची वेळ येवो.”

घरी पक्कडने मला छापून काढलं आणि सगळी पानं जमिनीवर पसरली. दोन दिवस ती यंत्रांना शिव्या देत होती. हे यंत्र असंच, ते यंत्र तसंच, एकाला धड आकडे वाचता येत नाहीत. आबा खिडकीत बसून ऐकत होते.

“दर थिएटरात दिवे वेगळे असतात, माहितीय ना तुला?” ते म्हणाले. “कुठे पिवळट, कुठे पांढरे, कुठे अर्धे गेलेले. मी कधी दिव्यांना शिव्या घातल्या? दांड्यावरचा आकडा मी बघतच नाही. मी नानाच्या नाकाची सावली बघतो. ती बरोबर पडली की उजेड बरोबर.”

पक्कड माझ्या एका पानावर बोट ठेवून हळूच म्हणाली, “मला वाटत होतं मी सी लिहितेय. मी आपल्या जुन्या संगणकाच्या सवयी लिहीत होते.”

आणि तिने मला पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. भाषा जे वचन देते तेवढंच धरायचं, आणि यंत्राने सवयीने दिलेलं काही धरायचं नाही, असा तिने पण केला. भाषा सांगते की अमुक जातीचा आकडा किमान एवढा तरी मावेल, मग तेवढाच भरायचा, शेजारच्या यंत्रावर दुप्पट मावत असला तरी. फाईलमध्ये आकडा लिहिताना तो यंत्राच्या मर्जीवर टाकायचा नाही. मोठा तुकडा आधी, छोटा नंतर, एकेक करून स्वतः मांडायचा आणि त्याच क्रमाने स्वतः उचलायचा. उजेड वाहता वाहताही कान उघडे ठेवायला तिने मला शिकवलं. आणि जिथे प्रत्यक्ष दिव्यांच्या तारांशी बोलावं लागतं, तो भाग तिने माझ्यातून वेगळा काढून एका छोट्या फाईलमध्ये ठेवला. तिचं नाव दारवान. यंत्र बदललं की दारवान बदलायचा, घरातल्या माणसांना हात लावायचा नाही.

नुसतं लिहून ती थांबली नाही. जिथे वेगळं यंत्र दिसेल तिथे ती मला घेऊन जायची. कापड गिरणीच्या नक्षीविभागात, नकाशे काढणाऱ्या कचेरीत, इस्पितळाच्या तपासणी खोलीत. “दहा मिनिटं बसू का? काही बिघडवणार नाही,” असं म्हणत ती खुर्ची ओढायची. किती दुभाष्यांच्या पुढ्यात मी उभा राहिलो! गिरणीतला दुभाषी म्हाताऱ्या मामांसारखा, सगळ्याला ‘असू दे, असू दे’ म्हणणारा. नकाशाच्या कचेरीतला थेट मोठ्या आत्याबाईंसारखा. मी उंबरठ्यावर पाऊल टाकताच त्याने चाळीसेक दोष काढले. बाकीचे लोक असे इशारे बंद करून ठेवतात, कटकट नको म्हणून. पक्कडने उलट सगळे चालू केले. आणि खरं सांगतो, त्या आत्याबाईंचे टोमणे मला जितके उपयोगी पडले तितकं मामांचं कौतुक पडलं नाही. नानांकडचा चहावाला तिला एकदा म्हणाला, “अहो, चालतंय ना? मग कशाला उकरता?” ती म्हणाली, “इथे चालतंय. मला कुठेही चालायला हवंय.”

हळूहळू दोष कमी होत गेले. एक दिवस आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एक अक्षरही न बोलता पुढे सोडलं. दुभाषी काही बोलत नाही, हीच आमच्याकडची शाबासकी.

मग मोठ्या थिएटरचा दिवस उजाडला. केवढी ती जागा! प्रेक्षागृहाच्या मागे काचेची खोली, त्या खोलीत दिव्यांचं नवंकोरं यंत्र, आणि यंत्रापाशी तिथले इंजिनिअर. त्यांच्या शर्टाची घडी इतकी कडक होती की कंपनीतल्या लोकांनी दहा मिनिटांत त्यांचं नाव ‘कडक इस्त्री’ पाडलं.

“बाहेरचा प्रोग्राम इथे चालणार नाही,” त्यांनी सांगून टाकलं. “मागच्या वर्षी एका कंपनीने आणला होता. मधेच अडकला. एवढी माणसं अंधारात, जिन्यावर एक बाई पडली, तिचा हात मोडला. त्यांना बाहेर मी काढलं. मला पुन्हा ते नको.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पक्कडही म्हणाली नाही.

“तुमचा कंपायलर तुमच्यासमोर चालवते,” ती म्हणाली. “सगळे इशारे चालू ठेवा. काय दिसतं ते बघा आणि मग ठरवा.”

इस्त्रीसाहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी कंप लपवायला हात खिशात घातले होते. मागे नाना उभे, आणि नानांच्या मागे कुणीतरी अनोळखी माणूस, हातात पिशवी घेऊन. तोच तो दुसरा प्रकाशवाला.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “पण एक जरी इशारा आला तरी हे बंद. मग दिवे हाताने चालवायचे.”

पक्कडने त्यांच्या यंत्राचं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि तिथेच बसून नवा दारवान लिहिला. मग मला त्या दुभाष्यापुढे उभं केलं. असा दुभाषी मी आजवर पाहिला नव्हता. आत्याबाई त्याच्यापुढे प्रेमळ म्हणाव्या लागतील. तो एकेक ओळ वाचत होता आणि खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. अर्धा झालो. पाऊण झालो. आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

एक इशारा.

“आला,” कडक इस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो.

पक्कड खाली वाकली. इशारा दारवानाबद्दल नव्हता, माझ्या अगदी आतल्या एका ओळीबद्दल होता. चुकून पुढे गेलं तर मागे यायची एक कळ माझ्यात आहे. मागे येताना किती वेळ घ्यायचा तो आकडा, एका आडवाटेवर, कुणी मला दिलेलाच नव्हता. आजवरच्या यंत्रांवर त्या रिकाम्या जागेत काहीतरी निरुपद्रवी निघायचं, म्हणून निभावलं. सगळ्या दुभाष्यांनी डोळेझाक केली होती. याने केली नाही.

ती म्हणू शकली असती की इतके दिवस काही झालं नाही. खूप जण तेच म्हणतात.

“बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “इथे खड्डा आहे. मला दिसलाच नव्हता.”

इस्त्रीसाहेबांनी चष्मा काढला. “मला वाटलं तुम्ही भांडाल.”

“कुणाशी? त्याने मला वाचवलंय. तुमच्या अटीप्रमाणे मी आता उठते. पण हा खड्डा बुजवून उठू द्या, तसाच ठेवून मला झोप लागणार नाही.”

तिने एक ओळ लिहिली, मागे येताना एक सेकंद घ्यायचा. साहेब तिच्या खांद्यावरून वाचत होते. ती उठायला लागली तेव्हा तेच म्हणाले, “बसा. पुन्हा चालवा.”

पुन्हा तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत गेला. पडद्यावर काही उमटलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. दारवान सोडला तर माझ्या जुन्या देहातली एकच ओळ बदलली होती, आणि ती यंत्राच्या लाडासाठी नाही, ती मुळात चुकली होती म्हणून.

नानांनी शेवट करून पाहिला. दोनदा मेले. दोन्ही वेळा आठ सेकंदांत. मग ते वळून त्या पिशवीवाल्या माणसाला म्हणाले, “तुम्ही आमचं नाटक बघायला थांबा. पहिल्या रांगेत बसा.”

संध्याकाळी प्रेक्षागृह गच्च भरलं. आबा काचेच्या खोलीत, उजव्या हाताचं बोट कळीवर. पक्कड त्यांच्या मागे, कडक इस्त्री मुख्य खटक्यापाशी. एकेक बदल होत गेला. राजा चिडला, राजा हरला, राजा एकटा पडला. राजा गुडघ्यांवर बसला. आता उजेड एका जागी आक्रसून यायचा होता. हा शेवटाच्या आधीचा बदल. आबांनी कळ दाबली.

आणि बोट थरथरलं. कळ दोनदा दाबली गेली.

मी हमाल. मला दोन सांगितलं तर मी दोन उचलणार. राजाची शेवटची वाक्यं बाकी असताना मी शेवटचा अंधार उतरवायला घेतला. इस्त्रीसाहेबांचा हात खटक्याकडे गेला. पक्कड पुटपुटली, “आबा, मागे.” आबांचं बोट त्याआधीच मागच्या कळीवर पडलं होतं. वाहता वाहताही मला ते ऐकू आलं. मी वळलो, आणि त्याच आडवाटेने मागे निघालो. तिथे दुपारपर्यंत खड्डा होता. आता तिथे एक सेकंद होता, साधा, नीट लिहिलेला. त्याच्यावर पाय ठेवून मी उजेड होता तिथे आणून ठेवला.

प्रेक्षकांना एवढंच दिसलं की राजाच्या डोक्यावरचा दिवा किंचित लवला आणि पुन्हा सावरला. नाना जातीचे नट. त्यांनी मान वर केली, त्या दिव्याकडे पाहिलं आणि नाटकात नसलेलं एक वाक्य बोलले:

“थांब रे दिव्या. माझं अजून सांगून व्हायचंय.”

मग त्यांनी आपली दोन वाक्यं म्हटली आणि मान टाकली. आबांनी कळ दाबली, एकदाच. मी आठ सेकंद चाललो. राजाच्या कपाळावरून, नाकाच्या सावलीवरून, जमिनीवरच्या मुकुटावरून उजेड उचलत उचलत मी शेवटच्या तुकड्यापर्यंत पोहोचलो आणि तोही अलगद उचलला. अंधार. आणि मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की काचेच्या खोलीची काच हादरली.

नाना दाढी-मुकुटासकट जिना चढून वर आले.

“आबा, तो दिवा लवला ती जागा कुणी काढली?”

“चुकून झालं रे. बोट हललं.”

“चुकून? मग आता दर प्रयोगाला चूक!” आणि राजाने प्रकाशवाल्याला मिठी मारली. डिंकाची दाढी आबांच्या खांद्याला चिकटून राहिली. ते वाक्य तेव्हापासून नाटकात कायमचं आहे. दुसऱ्या प्रकाशवाल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आबा पुढे बरीच वर्षं कळ दाबत राहिले आणि थांबले ते स्वतःच्या मर्जीने.

सगळे खाली गेल्यावर कडक इस्त्री पक्कडपाशी रेंगाळले. “तुमच्या प्रोग्रामची एक प्रत मिळेल का?” त्यांनी विचारलं. “इथे येणाऱ्या इतर कंपन्यांना देईन म्हणतो.”

तिथून मला पाय फुटले. एकाने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. नवा दारवान लिहायचा आणि मला आत घ्यायचं. आज मी किती यंत्रांवर आहे मला मोजता यायचं नाही. आकडे दुप्पट-चौपट रुंद झालेली यंत्रं आली, हाताच्या तळव्यात मावणारी यंत्रं आली, पक्कडने कधी पाहिली नाहीत अशा यंत्रांनी मला वाचलं. मला जन्म देणारं यंत्र, माझी फजिती करणारी यंत्रं, माझा गौरव करणारं ते नवंकोरं यंत्र, सगळी भंगारात गेली. मी मात्र जसाच्या तसा आहे. मध्यंतरी कुठल्याशा दूरच्या गावाहून एका अनोळखी शिक्षिकेचा निरोप आला, “पहिल्या फटक्यात चालला. एकही इशारा नाही.” पक्कडचे केस आता पांढरे झालेत. तिने तो निरोप आबांना मोठ्याने वाचून दाखवला. आबा म्हणाले, “हमाल बरा निघाला.”

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं काही लिहीत असाल, तर एवढंच सांगतो. टेबलावरचं यंत्र तुमचं लाडकं असेल, पण ते उद्या नसेल. त्याच्या सवयींवर विसंबू नका. टोकणाऱ्या दुभाष्याचं तोंड बंद करू नका. आणि ‘इथे चालतंय’ म्हणून उठू नका, थोडं आणखी बसा.

याहून जास्त बोलायला आता सवड नाही. ती शिक्षिका एका शाळेच्या सभागृहात, खडूच्या खोक्याएवढ्या यंत्रावर मला घेऊन बसली आहे. पडद्यामागे मुलं एकमेकांना गप्प करताहेत. कुणाची तरी मिशी हरवली होती, ती सापडली. तिसरी घंटा झाली. तिने बोट कळीवर ठेवलंय.

येतो मी. सकाळ करायची आहे.